ठिपक्यांचा हिशेब : ॲनिमेशनच्या कामात चित्र 'एक्स्पोर्ट' करताना घ्यावयाची काळजी

संगणकावर हलती चित्रे तयार करण्याचा धंदा आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात उमरगा, तुळजापूर, कळंब, परंडा अशा तालुक्याच्या गावीही डीटीपी, फोटो स्टुडिओ किंवा फ्लेक्सचे दुकान चालविणारा तरुण आज लग्नाचे चलचित्र निमंत्रण, मिठाईच्या दुकानाची जाहिरात, उरुसाच्या कार्यक्रमाची माहिती अशी कामे घेतो. या धंद्याला भांडवल थोडे लागते. घरी बसून मुलीही हे काम करू शकतात. आपल्या समाजातील अनेक मुले-मुली या मार्गाने रोजी कमावू पाहत आहेत, ही समाधानाची बाब आहे.

मात्र सॉफ्टवेअर शिकणे वेगळे आणि तयार झालेले काम गिऱ्हाइकाच्या हातात स्वच्छ पोहोचविणे वेगळे. आमच्या नात्यातील एका लग्नाचे उदाहरण सांगतो. वलीम्याचे चलचित्र निमंत्रण एका दुकानातून करून घेतले होते. कमान सुंदर, फुले सुंदर, उर्दू खत सुंदर. पण तारखेचा आकडा इतका पुसट झाला होता की '११' चा कित्येकांनी '१९' वाचला. फोन करून करून घरातली माणसे थकली, तरी काही पाहुणे यायचे राहिलेच. मुलीच्या वडिलांच्या आडनावातील 'खे' या अक्षराचा नुक्ता उडाला आणि 'खान' चे 'हान' झाले. काम करणारा तरुण हुशार होता, संगणकही नवा होता. संगणकाच्या पडद्यावर त्याला सर्व काही ठीक दिसत होते. चूक झाली ती शेवटच्या एका खिडकीत, जेथे 'एक्स्पोर्ट' असे लिहिलेले असते आणि जेथे बहुतेक जण काहीही न वाचता 'ओके' दाबतात. त्याला काम पुन्हा फुकट करून द्यावे लागले आणि शब्द गेला तो वेगळाच.

त्या खिडकीत काय काय विचारलेले असते आणि त्याला काय उत्तर द्यावे, हे या लेखात पाहू.

बिटमॅप म्हणजे काय?

संगणकातील चित्रे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार रेषांचा, ज्याला व्हेक्टर म्हणतात. त्यात रेषा कोठून कोठे जाते याचे गणित साठविलेले असते, म्हणून चित्र कितीही मोठे केले तरी कड फाटत नाही. दुसरा प्रकार ठिपक्यांचा. यालाच बिटमॅप म्हणतात. कशिदाकाम करताना कापडाच्या प्रत्येक घरात एका रंगाचा टाका घालतात, तसेच येथे प्रत्येक घरात एका रंगाचा ठिपका असतो. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. मोबाइलने काढलेला फोटो, स्कॅन केलेला कागद, इनपेजमधून चित्ररूपाने आणलेले उर्दू खत, हे सर्व बिटमॅप होत.

आता हिशेब पाहा. टीव्हीच्या मोठ्या पडद्याचे माप १९२० × १०८० ठिपके असते. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा व निळा असे तीन बाइट लागतात. एकूण ६२ लाख २० हजार ८०० बाइट झाले. एका सेकंदाला अशी २५ चित्रे धरली, तर अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत ७५० चित्रे होतात आणि त्यांचे कच्चे वजन ४६६ कोटी बाइटच्या वर, म्हणजे साडेचार गिगाबाइटहून अधिक जाते. एवढे ओझे कोणी मोबाइलवर पाठवू शकत नाही. म्हणून चित्र दाबून लहान करावे लागते. एक्स्पोर्टची सारी भानगड या दाबण्याची आहे. काय टाकून द्यायचे आणि काय जपायचे, हे तेथे ठरते.

दाबण्याच्या दोन पद्धती

पहिल्या पद्धतीत काही गमावत नाही. घडी केलेली सतरंजी उलगडली की जशीच्या तशी मिळते, तसे हे आहे. पीएनजी ही या जातीची. ती १९९६ साली प्रमाणित झाली. एकाच रंगाचे शेकडो ठिपके ओळीने आले की ते थोडक्यात लिहून ठेवणे, हे तिचे मुख्य तंत्र. म्हणून सपाट रंग, नक्षी, शिक्का, खत आणि अक्षरे यांच्यासाठी ती उत्तम. फोटोमध्ये मात्र शेजारी-शेजारीच्या दोन ठिपक्यांचा रंगही वेगळा असतो, त्यामुळे पीएनजी फाइल फार फुगते.

दुसऱ्या पद्धतीत काही भाग कायमचा टाकून दिला जातो. जेपेग ही त्यातील सर्वांत प्रसिद्ध. तिचे प्रमाण १९९२ सालचे आहे. जेपेग चित्राचे ८ × ८, म्हणजे ६४ ठिपक्यांचे लहान चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातील ढोबळ चढउतार ती जपते आणि बारीक, झटकन होणारे बदल गोलाकार करून टाकते. माणसाच्या डोळ्याला उजेडातील फरक लवकर कळतो, रंगातील फरक त्या मानाने उशिरा कळतो. याचा फायदा घेऊन रंगाची माहिती बहुधा चार ठिपक्यांत मिळून एकदाच साठविली जाते. आकाश, चेहरा, शेत, कापड यांत हे खपून जाते.

अक्षरांत ते खपत नाही. अक्षर म्हणजे पांढऱ्यावर एकदम काळे. बारीक आणि झटकन होणारा बदल हाच अक्षराचा प्राण आहे. जेपेग नेमके तेच कापते. परिणामी अक्षराभोवती धूळ उडाल्यासारखे डाग दिसतात. आपल्या लिप्यांना याचा फटका इंग्रजीपेक्षा जास्त बसतो. देवनागरीतील अनुस्वार हा एकच ठिपका; तो गेला की 'वंदन' चे 'वदन' होते. १ आणि ९ या आकड्यांत फरक फक्त एका लहान वळणाचा. उर्दूत तर 'बे', 'पे', 'ते' यांचा सांगाडा एकच, फरक केवळ नुक्त्यांचा. नुक्ता गेला की शब्द गेला. हिरव्या कापडावर लाल किंवा सोनेरी बारीक अक्षरे लिहिण्याची आपल्याकडे हौस आहे. रंगाची माहिती पातळ केल्यामुळे तीच अक्षरे सर्वांत आधी पसरतात.

जीआयएफ ही तिसरी, सर्वांत जुनी पद्धत १९८७ सालची. तिच्यात एका चित्रात फक्त २५६ रंग मावतात. बोट दाखविणारे लहान चिन्ह किंवा लुकलुकणारा तारा यासाठी ती चालते. सोन्याच्या छटा असलेल्या कमानीला ती लावली, तर छटेच्या जागी पट्टे उमटतात.

खिडकीतील प्रश्न आणि त्यांची उत्तरे

१. प्रकार : फोटो की लॉसलेस? मॅक्रोमीडिया फ्लॅशपासून हा प्रश्न विचारला जातो. त्याच सॉफ्टवेअरचे नाव ॲडोबने २०१६ साली ॲनिमेट असे केले. त्यात लायब्ररीतील चित्रावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले की 'फोटो' (जेपेग) आणि 'लॉसलेस' (पीएनजी, जीआयएफ) असे दोन पर्याय मिळतात. उत्तर सोपे आहे. खरोखरचा फोटो असेल तर फोटो. अक्षर, खत, शिक्का, नक्षी असेल तर लॉसलेस. आपल्याकडील बरीच मुस्लिम कुटुंबे निमंत्रणावर माणसांची चित्रे घालत नाहीत. फक्त कमान, फुले, जाळी आणि खत असते. म्हणजे आपले बहुतांश काम आपोआपच लॉसलेस जातीचे आहे. पीएनजीची फाइलही अशा सपाट कामात आटोपशीर राहते.

२. क्वालिटी किती? हा आकडा ० ते १०० असतो. अनेकांना ही टक्केवारी वाटते. तशी ती नाही. १०० ठेवले तरी जेपेगमध्ये थोडे नुकसान होतेच. शिवाय प्रत्येक सॉफ्टवेअरचा मापदंड वेगळा असतो. फोटोशॉपमध्ये तर ० ते १२ असाही मापदंड आहे. सर्वसाधारण फोटोला ८० ते ९० पुरे होतात. ९० च्या पुढे फाइल झपाट्याने जड होते आणि डोळ्याला लाभ थोडा मिळतो. ६० च्या खाली चौकोन उघड दिसू लागतात.

गडद फोटोची मात्र वेगळी काळजी घ्यावी. उस्मानाबादी शेळी आपल्या जिल्ह्याची ओळख आहे आणि ती बहुधा काळ्या रंगाची असते. बकरी ईदच्या आधी एखाद्या व्यापाऱ्याने तिची जाहिरात करायला सांगितली, की काळ्या अंगावरील केसांची चमक हीच त्या जनावराच्या तब्येतीची खूण असते. कमी क्वालिटीत ती चमक नाहीशी होऊन शेळीच्या जागी काळा गोळा दिसतो. अशा फोटोला ९० च्या आसपासच ठेवावे.

३. आधीचे जेपेग तसेच वापरू का? ॲनिमेटमध्ये 'यूज इम्पोर्टेड जेपेग डेटा' अशी खूण असते. आणलेला फोटो आधीच जेपेग असेल आणि माप योग्य असेल, तर ही खूण ठेवावी. नाहीतर दाबलेले चित्र पुन्हा दाबले जाते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखे हे आहे. प्रत्येक वेळी थोडे थोडे जाते आणि गेलेले परत येत नाही. म्हणून काम चालू असताना फाइल कधीही जेपेगमध्ये साठवू नये. जेपेग हे शेवटचे पाऊल आहे, मधला मुक्काम नव्हे.

४. माप किती? हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न. मोबाइलचा फोटो बहुधा ४००० × ३००० ठिपक्यांचा, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा असतो. तो जाहिरातीच्या कोपऱ्यात ४०० × ३०० एवढा दाखवायचा असेल, तर आपण गरजेच्या शंभरपट ओझे वाहत आहोत. फाइल डिस्कवर लहान दिसली तरी उघडल्यावर तिचे सर्व ठिपके संगणकाच्या स्मृतीत मावावे लागतात. संगणक अडखळतो तो यामुळे. नियम असा : पडद्यावर चित्र जास्तीत जास्त जेवढे मोठे दिसणार, तेवढेच माप ठेवावे. चित्र जवळ आणून दुप्पट दाखवायचे असेल तर दुप्पट ठेवावे. उलट, लहान चित्र ओढून मोठे करू नये. नसलेले ठिपके कोणतेही सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे आणू शकत नाही.

फ्लेक्सच्या धंद्यातून आलेले बांधव येथे हमखास विचारतात, डीपीआय ७२ ठेवू की ३००? छपाईत त्या आकड्याला अर्थ आहे. पडद्यावर नाही. पडदा फक्त ठिपके मोजतो. १९२० × १०८० चे चित्र ७२ वर ठेवा की ३०० वर, पडद्यावर ते एकच.

५. स्मूदिंग हवे का? चित्र फिरते, लहान-मोठे होते तेव्हा कडा गुळगुळीत करण्यासाठी ही खूण असते. फोटो हलत असेल तर ठेवावी. चित्र स्थिर असून ठिपक्याला ठिपका जुळत असेल, तर काढावी. अक्षर टोकदार राहते.

दुकानावरील एलईडी पाट्यांचे काम असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे. बाजारात चालणाऱ्या पी-१० पाटीच्या एका तुकड्यात फक्त ३२ × १६ दिवे असतात. तीन तुकडे शेजारी लावले तर ९६ × १६. तेथे १९२० च्या मापात चित्र करून ते आकसविणे म्हणजे अनुस्वार आणि नुक्ते स्वतःच्या हाताने पुसणे. पाटीच्या नेमक्या मापात, स्मूदिंग काढून, लॉसलेस पद्धतीने, दिव्याला दिवा जुळवूनच अक्षर बसवावे.

६. पारदर्शक बाजू हवी का? फुलाच्या मागे दुसरी कमान दिसायची असेल, तर फुलाचा मागील भाग पारदर्शक हवा. जेपेगमध्ये पारदर्शकता नसते. जीआयएफमध्ये असते, पण ठिपका एक तर पूर्ण दिसतो नाही तर अजिबात दिसत नाही, त्यामुळे कड करवतीसारखी होते. पीएनजीमध्ये ३२ बिटचा पर्याय घेतला की कड हळूहळू विरते. फुलाभोवती काळी किंवा पांढरी किनार दिसू लागली, तर पारदर्शकतेचा 'स्ट्रेट' आणि 'प्रीमल्टिप्लाइड' हा पर्याय दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये जुळतो का, ते तपासावे. बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो.

पीएनजीत 'कॉम्प्रेशन लेव्हल' असाही आकडा विचारतात. तो वाढविला तर वेळ जास्त लागतो, फाइल थोडी लहान होते. चित्राच्या दर्जात काडीचाही फरक पडत नाही. निर्धास्त असावे.

वीज गेली तर?

आपल्या भागात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. अर्ध्या मिनिटाची जाहिरात सरळ एमपी-४ मध्ये बाहेर काढत असताना सातशेव्या चित्राला वीज गेली, तर बहुधा ती संपूर्ण फाइल उघडतच नाही. कारण त्या फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. त्याऐवजी प्रत्येक चित्र वेगळ्या पीएनजी फाइलमध्ये, ०००१, ०००२ अशा क्रमांकाने काढावे. याला 'इमेज सीक्वेन्स' म्हणतात. वीज आली की ७०१ पासून पुढे चालू करता येते. एखादे अक्षर चुकले असेल, तर ते जेथे दिसते तेवढीच चित्रे पुन्हा काढावी लागतात. ओपनटून्झ, ब्लेंडर, क्रिटा ही मोफत सॉफ्टवेअरेही ही सोय देतात. ओपनटून्झ २०१६ सालापासून सर्वांना खुले आहे. चोरीच्या प्रतीने धंद्याची सुरुवात करण्याचे कारण आता उरलेले नाही.

सर्व चित्रे तयार झाली की त्यांची एकच एमपी-४ फाइल बांधावी. त्यासाठी 'एच-२६४' हा प्रकार बहुतेक मोबाइलवर चालतो. लांबी-रुंदीचे आकडे सम असावेत, विषम आकड्याला ही पद्धत सहसा अडून बसते. १९२० × १०८० साठी सेकंदाला ८ मेगाबिट हे प्रमाण धरले, तर ३० सेकंदांची फाइल सुमारे ३० मेगाबाइट होते. मोबाइलवरच पाहायचे असेल तर चित्र उभे, १०८० × १९२० चे ठेवावे. एमपी-४ मध्येही रंगाची माहिती पातळ होते, म्हणून बारीक अक्षरांना भोवतालापेक्षा उजेडातही फरक हवा. गडद हिरव्यावर फिकट सोनेरी चालेल, गडद हिरव्यावर गडद लाल चालणार नाही.

गिऱ्हाइकाला फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठविली की व्हॉट्सॲप ती पुन्हा दाबते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविली तर जशीच्या तशी जाते. पण गिऱ्हाईक ती पुढे शंभर जणांना व्हिडिओ म्हणूनच पाठविणार, हे गृहीत धरावे. म्हणून तारीख, वेळ आणि नाव यांची अक्षरे मुळातच ठसठशीत ठेवावीत. काम देण्यापूर्वी स्वतःच्याच दुसऱ्या क्रमांकावर व्हिडिओ म्हणून पाठवून, स्वस्तातल्या मोबाइलवर, दुकानाबाहेर उन्हात उभे राहून वाचावे. तेथे वाचता आले तर सगळीकडे वाचता येईल.

जुन्या लोकांचा अनुभव

केबल टीव्हीच्या जमान्यात पडद्याचे माप ७२० × ५७६ होते आणि चित्र सम-विषम ओळींच्या दोन हप्त्यांत दाखविले जाई. एका ठिपक्याच्या जाडीची आडवी रेष त्यातील एकाच हप्त्यात येई आणि थरथरत राही. देवनागरीची शिरोरेषा नेमकी आडवी! तेव्हाचे अनुभवी कारागीर शिरोरेषा किमान दोन-तीन ठिपके जाड ठेवीत. पडदे बदलले, तरी ती सवय आजही कामाची आहे.

दुसरा धडा फ्लॅशचा. ॲडोबने फ्लॅश प्लेयर ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फ्लॅशचे काम चालणेच थांबविले. ज्यांनी फक्त तयार फाइल ठेवली होती, त्यांची वर्षांची मेहनत अडकली. ज्यांनी मूळ फाइल आणि पीएनजी चित्रे जपली होती, त्यांनी तेच काम नव्या पद्धतीने पुन्हा बाहेर काढले. म्हणून प्रत्येक कामाचा मूळ संच, म्हणजे सॉफ्टवेअरची फाइल, न दाबलेली चित्रे आणि वापरलेले फॉन्ट, वेगळ्या डिस्कवर ठेवावा.

गिऱ्हाइकाचे खासगी फोटो मात्र ठेवू नयेत. ते आपल्याकडे अमानत आहेत. काम संपले की विचारून पुसून टाकावेत आणि परवानगीशिवाय आपल्या जाहिरातीत कधीही वापरू नयेत.

शेवटी

माप-तोलात कमी देणाऱ्यांचा निषेध करणारी एक स्वतंत्र सूरह कुरआनमध्ये आहे, सूरह मुतफ्फिफीन. आपण ती धान्याच्या आणि कापडाच्या व्यापाऱ्याला लागू करतो. ठिपक्यांच्या व्यापाऱ्याला ती का लागू होऊ नये? गिऱ्हाइकाला जेपेग आणि पीएनजी यातील फरक कळत नाही. आपण त्याला पुसट माल दिला, तर त्याला तो लग्नाच्या दिवशीच कळेल. तागडी आपल्या हाती आहे आणि समोरच्याला ती वाचता येत नाही, अशा वेळीच व्यापाऱ्याची परीक्षा असते.

नव्याने धंद्यात येणाऱ्या बांधवांनी आणि भगिनींनी एवढे कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवावे : फोटोला जेपेग, क्वालिटी ८० ते ९०. अक्षर, खत आणि नक्षीला पीएनजी. पारदर्शक असेल तर ३२ बिट पीएनजी. माप पडद्याएवढे. आधी चित्रमाला, मग एमपी-४. आणि 'ओके' दाबण्यापूर्वी सर्वांत लहान नुक्ता आणि सर्वांत लहान अनुस्वार डोळ्यांनी पाहून घ्यावा. यात पाच मिनिटे जातील, पण काम परत येणार नाही आणि गिऱ्हाईक मात्र पुन्हा येईल.